हातचा एक

माझी आत्या दोन कामं करायची. आठवडाभर हातमोजे शिवायची, आणि सभा असली की हात मोजायची. यावर आमच्या वसाहतीत इतके विनोद होऊन गेलेत की आता लहान पोरंसुद्धा हसत नाहीत. तरी दर सभेला पोस्टमास्तर एकदा म्हणायचेच, "चला हातमोजेवाल्या बाई, मोजा हात." आत्या त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

पोस्टमास्तर म्हणजे आमच्या कमिटीचे अध्यक्ष. निवृत्त होऊन जमाना लोटला, पण माणूस अजून प्रत्येक वाक्यावर शिक्का मारल्यासारखा बोलतो. वसाहत म्हणजे एकसष्ट घरं, जुन्या वीजकेंद्राच्या कामगारांसाठी बांधलेली. केंद्र बंद पडलं, घरं राहिली, घरांत आम्ही राहिलो. केंद्राचा भोंगा दुपारी सव्वाबाराला व्हायचा. तो गप्प होऊन सतरा वर्षं झाली, तरी वसाहत अजून बरोबर सव्वाबाराला जेवायला बसते. माझा नवरा बाहेरून आलेला, त्याला याची भीती वाटते. म्हणतो, "अगं, घड्याळ न बघता एकसष्ट घरांत एकदम ताटं वाजतात. अंगावर काटा येतो माझ्या." मी म्हणते, तुझ्या अंगावर काय, उंदीर बघूनही काटा येतो.

तर हात मोजण्याबद्दल. आमच्याकडे मत घराला एक. हात उजवाच वर करायचा, म्हणजे कोणी दोन्ही वर करून घोळ घालायला नको. बाकी जगात हात वर केले म्हणजे जबाबदारी झटकली. आमच्याकडे हात वर केला म्हणजे ती गळ्यात पडली. आणि जो मोजतो, त्याच्या घराचा हात मोजणीत धरत नाहीत. तो बाजूला राहतो. दोन्हीकडे अगदी समान हात झाले तरच शेवटी तो मिळवायचा, बेरजेत मिळवतो तसा. म्हणून त्याला सगळे 'हातचा' म्हणतात. आत्याने चोवीस वर्षं मोजणी केली आणि चोवीस वर्षांत हातचा एकदाही लागला नव्हता.

तिची मोजायची पद्धत ठरलेली होती. हॉलच्या मागच्या भिंतीशी जायचं आणि मागून पुढे, रांगेरांगेने, ओठातल्या ओठात मोजत यायचं. नजर डोक्यांच्या वर. तोंडं बघायची नाहीत. "तोंड बघितलं की मनात येतं, अरे, हा असा कसा म्हणतो. मग आकडा चुकतो," असं ती म्हणायची. पण खरी गंमत अशी की तोंडं न बघताही तिला सगळं कळायचं. वसाहतीतला एकूण एक हात तिच्या पेन्सिलीखालून गेला होता.

आमच्या कारखान्यात अकरा मशिनी आहेत आणि खिडकीशी एक लांब कटिंगचं टेबल. तिथे मी आणि आत्या. बाहेरच्या ऑर्डरीचे मोजे ठराविक मापाचे असतात, पण वसाहतीतल्या माणसाला आत्या त्याच्या हाताप्रमाणे शिवून द्यायची. खाकी कागदावर पंजा पालथा ठेवायला लावायची आणि कडेकडेने पेन्सिल फिरवायची. मी शिकत होते तेव्हा रोज ओरडा खायचे. "पेन्सिल उभी धर. तिरकी धरलीस की बोट जाड होतं. लोकांना बोटं जाड करून देऊ नकोस, ती त्यांची त्यांना पुरेशी आहेत." तो खाका नाव न घालता पत्र्याच्या पेटीत जायचा. नाव कशाला? तिला हात बघून माणूस कळायचा. पोस्टमास्तरांची करंगळी सरळ होत नाही. शाळेच्या बाई एवढ्याशा, पण पंजा पहिलवानाचा. हे सगळं ती सांगायची. कोणी कुठे हात वर केला, ते मात्र मेली तरी सांगणार नाही. रस्ता रुंद करायच्या सभेनंतर मी किती मागे लागले होते, समोरच्या काकू कोणाच्या बाजूने होत्या ते सांग म्हणून. "गप गं कार्टे," म्हणाली. "कात्री चालव."

माझे आतोबा जुन्या केंद्रात होते. एकदा पट्ट्यात हात गेला आणि त्यांच्या डाव्या हाताचं अंगठीचं बोट अर्धं तुटलं. आत्याने त्यांच्यासाठी डावा मोजा वेगळा शिवला, ते बोट अर्ध्यावर बंद केलेला. आतोबा तो सगळ्यांना दाखवत हिंडायचे, "बघा, आमच्या मंडळींनी बोटाला टोपी घातली." त्यानंतर सहा वर्षांनी केंद्रात वाफेची नळी फुटली आणि ते गेले. आणखी दोघं गेले. त्याच वर्षी केंद्राला कुलूप लागलं. आत्याचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता.

त्या मुलाला आम्ही 'फ्यूज' म्हणतो. एक तर दहाव्या वर्षी त्याने अख्ख्या रांगेचा उडालेला फ्यूज बसवला होता म्हणून, आणि दुसरं म्हणजे त्याचं स्वतःचं डोकंही तसंच उडतं म्हणून. आता सव्वीस वर्षांचा आहे. वायरिंगची कामं करतो. म्हणजे सकाळच्या बसने जातो, कोणी बोलावलं तर करतो, नाहीतर हात हलवत परत येतो. मला ताई म्हणतो आणि माझं एक ऐकत नाही.

असं सगळं चाललेलं असताना नव्या प्लांटचा माणूस आला. बोलणं इतकं सफाईदार की त्याच दिवशी त्याचं नाव पडलं, गुळगुळीत. त्याने हॉलमध्ये काचेच्या पेटीत एक नमुना आणून ठेवला. नवा वीजप्रकल्प, त्याची चिमणी, हिरवीगार झाडं, आणि शेजारी आमची वसाहत, नखाएवढी घरं. मधूनमधून तांदळाएवढी माणसं उभी केलेली. सगळेजण आपापलं घर शोधायला लागले. आत्या वाकून बराच वेळ बघत राहिली.

"आमच्या दारात हा कोण उभा केलाय?" तिने विचारलं.

"तो कोणी नाही, मावशी," गुळगुळीत म्हणाला. "घर केवढं आहे ते कळावं म्हणून माणूस ठेवतात."

"सगळ्यांच्या दारात नाहीये."

तो हसला आणि पुढच्याला चिमणीची उंची सांगायला लागला. मी पाहिलं, खरंच फक्त त्यांच्याच दारात होता. म्हटलं, असेल, चिकटवणाऱ्याने चिकटवला.

कंपनी म्हणत होती, वसाहतीने हो म्हटलं तरच इथे बांधू, आणि कामावर आधी वसाहतीतली माणसं घेऊ. यादी झाली. यादीत पहिलं नाव फ्यूजचं. आत्याच्या घरी त्या दिवसापासून जे सुरू झालं, ते भिंतीपलीकडून मला रोज ऐकू यायचं, कारण आमची घरं एकमेकांना लागून.

"तू तिथे जायचं नाहीस."

"आई, बाबांच्या वेळच्या नळ्या वेगळ्या होत्या. आता सगळं वेगळं असतं."

"नळ्या वेगळ्या असतील. वाफ तीच आहे."

"मग मी काय करू? जन्मभर तुझ्या मशिनीचा प्लग बसवत बसू?"

यावर भांडी आपटल्याचा आवाज यायचा, तेवढाच.

मी खोटं बोलणार नाही. मला प्लांट हवा होता. दिवसातून तीनदा लाईट जायची, मशिनी अर्ध्या टाक्यावर थांबायच्या. प्लांट आला असता तर मोज्यांच्या ऑर्डरी आल्या असत्या. आणि फ्यूजचं तोंड बघवत नव्हतं. मी आत्याला सरळ म्हटलं, "सतरा वर्षं झाली. किती दिवस एकच गोष्ट धरून बसणार आहेस?" ती कापत राहिली. तिला मत नव्हतं, हे मात्र खरं. सगळ्या वसाहतीत ज्या एका बाईचं काहीतरी जाणार होतं, तीच तेवढी हात खाली ठेवून दुसऱ्यांचे मोजणार होती.

सभा रविवारी दुपारी चारला. बाहेर लख्ख ऊन. आमचा हॉल म्हणजे केंद्राचं जुनं कँटीन. मागच्या भिंतीशी मोडक्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या असतात, माणसाच्या छातीएवढ्या उंच. आत्याचं घर सोडून साठच्या साठ घरं आली होती, आजारी घरंसुद्धा. आमच्या घराचा हात माझा. मी शेवटच्या रांगेत बसले होते. फ्यूज दारात उभा होता, दोन्ही हात खिशात कोंबून. त्याच्या घराला हात नव्हता, म्हणून आत येऊन बसायलाही तयार नव्हता.

पोस्टमास्तर उठले. "प्लांट यावा असं ज्या घरांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

मी केला. आत्या माझ्या मागून मोजायला लागली. मागून पुढे गेली, पुढून परत मागे आली, दरवेळी अशीच दोनदा फिरायची, पहिल्या फेरीत मोजायची आणि दुसऱ्या फेरीत ताळा करायची. माझ्या डोक्यावरून तिचा आवाज गेला, "एकोणतीस... तीस." मग पावलं थांबली. मला वाटलं झालं, आणि मी हात खाली घेणार एवढ्यात तिने अगदी हळू म्हटलं, "एकतीस."

तो आवाज तिचा नव्हता. म्हणजे तिचाच, पण तसा मी कधी ऐकला नव्हता. मागे वळून बघायचं नसतं, तरी मी वळले. आत्या मागच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. समोर रचलेल्या खुर्च्या, आणि ती त्यांच्या वरच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. बाहेर एवढं ऊन असून माझा वर केलेला हात खांद्यापर्यंत गार पडला. मी तो पटकन खाली घेतला आणि पदरात गुंडाळला.

विरोधाचे हात तीस निघाले. शाळेच्या बाईंनी फळ्यावर लिहिलं, एकतीस आणि तीस.

"बाई," पोस्टमास्तर म्हणाले, "घरं साठ आणि हात एकसष्ट? बेरीज चुकली." लोक हसले. कधी न चुकणारं माणूस चुकलं की सगळ्यांना बरं वाटतं. पुन्हा हात वर करायला लावले. आत्याने पुन्हा मोजले. ती खुर्च्यांशी पुन्हा थांबली.

"एकतीस," ती म्हणाली.

आता कोणी हसलं नाही. शाळेच्या बाईंना मोजायला सांगितलं. त्या पोरं मोजतात तसं बोट दाखवत मोजत गेल्या. हो तीस, नाही तीस. मागच्या भिंतीपाशी गेल्यावर त्यांनी आत्याकडे बघितलं, खुर्च्यांकडे बघितलं आणि जरा घाईनेच पुढे आल्या.

"समान झाले," पोस्टमास्तर म्हणाले, आणि त्यांच्या लक्षात आलं की आता काय आलं. "म्हणजे... हातचा लागणार."

आत्या म्हणाली, "माझ्या घराचा हात वर झालेला आहे."

सगळी डोकी दाराकडे वळली. फ्यूज भडकलाच. "माझे हात खिशात होते!" त्याने दोन्ही हात बाहेर ओढले आणि दहाही बोटं फाकवून सगळ्यांना दाखवली. "बघा! बघून घ्या! मी वर केलेला नाही!" आत्या त्या हातांकडे एकटक बघत राहिली.

"बाई," पोस्टमास्तर मऊ आवाजात म्हणाले, "दमला असाल. जाऊ द्या. तुमचा हात कुठल्या बाजूला ते सांगा म्हणजे सुटलो."

"आई, नको," दारातून फ्यूज म्हणाला. यावेळी ओरडला नाही. नऊ वर्षांचा असताना बोलायचा तसं बोलला.

"आधी विरोधाचं विचारा," आत्या म्हणाली.

पोस्टमास्तरांनी विचारलं. आत्याने उजवा हात वर केला. नजर खुर्च्यांच्या वर होती. हात पुरता वर होता. झालं. प्लांट गेला. गुळगुळीतने दोन माणसं लावून काचेची पेटी उचलली आणि जाताना सगळ्यांना नमस्कार केला.

त्यानंतर फ्यूज आईशी बोलायचा बंद झाला. भिंतीला सांगायचा, "जेवायला वाढ." आत्या वाढायची. तिने मोजणीचं काम सोडलं. पोस्टमास्तर दोनदा घरी येऊन गेले, तर आतूनच "जमणार नाही" म्हणाली. कारखान्यातही खाली मान घालून कापत बसायची. अशा वेळी कोणालाच गप्प बसवत नाही, मला तर अजिबातच नाही. आठवडाभराने मी कात्री टेबलावर आपटली. "बोल, नाहीतर मी उद्यापासून दुसऱ्या टेबलावर बसते. काय बघितलंस तिथे?"

"तुझ्या आतोबांचा हात होता."

मी म्हटलं, "वेड लागलंय तुला."

"पंजा तोच. बाहेर वळलेला अंगठा तोच. अंगठीचं बोट अर्धं." ती कापडावरचे धागे वेचत बोलत होती. "नळी फुटली तेव्हा ओळख पटवायला मला बोलावलं होतं. चादर वर करायला लागले, तर मी म्हटलं, नुसता हात दाखवा. मला हाताने कळतं. मला तो हात चुकणार आहे होय गं?"

मी कात्री उचलली आणि परत खाली ठेवली.

"तो हो म्हणत होता," आत्या म्हणाली. "पोराला काम मिळावं म्हणून आला असेल. घराला एक हात, तो त्याने वापरला. मला दिसत होता, तरी मी वर दुसरा केला. चोवीस वर्षं मोजलं आणि शेवटी चोरी केली. तीही त्याच्यासमोर."

मी तिला खूप बोलले. डोळे तपासून घे म्हटलं, रक्त तपासून घे म्हटलं, मेलेली माणसं सभेला येत नाहीत, त्यांच्या मागची कटकट संपलेली असते, असंही म्हटलं. तोंड चालू होतं माझं, पण त्या दिवशी मी मागे वळून बघितलं होतं.

पुलापलीकडे एक वसाहत आहे. तिथे हातबित मोजत नाहीत, दोघंतिघं ठरवतात आणि बाकीच्यांना कळवतात. गुळगुळीत तिथे गेला. चार महिन्यांत पाया खणायला घेतला, शेजारी एक छोटं केंद्र तात्पुरतं सुरूही केलं, आणि वायरिंगला माणसं हवी होती. फ्यूज चार महिन्यांनी पहिल्यांदा भिंतीला सोडून आईशी बोलला. "सोमवारपासून जातोय. पलीकडे."

"बरं," आत्या म्हणाली. "शनिवारी कारखान्यात ये. मोज्यांचं माप देऊन जा."

मी ऐकलं आणि तिच्या घरात घुसले. "बरं काय? अडव ना त्याला! सगळ्यांसमोर हात वर केलास आणि आता बरं?"

"त्याच्या बापाच्या मनासारखं होतंय," ती म्हणाली. "एकदा मध्ये पडले. पुन्हा पडणार नाही." आणि खरं सांगते, तिच्या तोंडावर तेव्हा थोडं समाधान होतं. चुकलेला हिशोब जुळल्यासारखं.

शनिवारी दुपारी फ्यूज आला. पोर जरा निवळलं होतं. टेबलाशी बसून त्याने कागदावर पंजा ठेवला, आत्याने पेन्सिल फिरवली. आधी डावा, मग उजवा. गुदगुल्या होतात म्हणून तो हसला, तीही हसली. मग तो चहा प्यायला गेला. आत्या म्हणाली, "बापलेकांचा पंजा अगदी एक आहे. त्याच्याच खाक्यावरून कापते," आणि पेटीतून आतोबांचा जुना कागद काढला, तो अर्ध्या बोटाचा. कागद पिवळा पडला होता. तिने तो समोर ठेवला आणि बघत बसली. भुवया आवळल्या.

"हा डावा आहे," ती म्हणाली.

"मग? आतोबांचं बोट डाव्याच हाताचं गेलं होतं ना?"

"हो." तिने कागदावरच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. शेजारच्या मशिनी चालू होत्या. "हॉलमध्ये उजवा होता."

"आत्या, तू घाबरली होतीस. घाबरल्यावर डावं काय नि उजवं काय."

"नवरा दिसला म्हणून डावा-उजवा बघितला नाही मी. पण आता दिसतोय. पंजाची पाठ माझ्याकडे होती आणि अंगठा डावीकडे. चोवीस वर्षं मी पाठीमागून उजवेच हात मोजलेत." ती उठली, कागद खिडकीच्या काचेवर उलटा धरला. उजेडात रेघ पलीकडून दिसायला लागली, आणि डाव्या हाताचा उजवा झाला. "असा होता," ती म्हणाली. "अगदी असा."

मग तिने फ्यूजच्या उजव्या हाताचा कागद घेतला आणि त्याच्यावर धरला. मी शेजारीच उभी होते. रेघेवर रेघ बसली. बाहेर वळलेला अंगठा, तर्जनी, करंगळीचं वाकण, सगळं. फक्त अंगठीच्या बोटाशी खालची रेघ अर्ध्यावर थांबत होती आणि फ्यूजची पुढे जात होती.

"तो हो म्हणत होता," आत्या पुटपुटली. "हो, म्हणणारच. याला कायम हवाच होता प्लांट."

मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हटलं, "बरं, बोटाला जपायला सांगू त्याला. आतोबासुद्धा अर्ध्या बोटाने सहा वर्षं मजेत हिंडले ना?"

"बोटाचं काही नाही गं," ती म्हणाली. "बोट गेलं तर जाऊ दे. पण तो हात एकटाच होता. खुर्च्यांच्या वर नुसता हात. त्याच्याखाली माणूस नव्हतं."

ती कात्री उघडीच टाकून बाहेर पडली. तीस वर्षांत तिने असं केलं नव्हतं. मी चपला हातात घेऊन मागे धावले. फ्यूज घराच्या पायरीवर बसून चहा पीत होता. आत्याने त्याला सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, धापा टाकत, काही न लपवता. दोन्ही कागद त्याच्यापुढे धरले. "जाऊ नकोस," म्हणाली. "पाया पडते तुझ्या."

त्याने कागद घेतले, बघितले, नीट घडी करून तिला परत दिले. मला वाटलं आता उडणार याचं डोकं. उडालं नाही, तेच वाईट झालं. "आई," तो म्हणाला, "एकदा हात दिसला म्हणून माझं काम घालवलंस. आता बोट दिसलं म्हणून घालवतेस. उद्या आणखी काही दिसेल. मी कधी जगू?"

"ताई, तू तरी सांग तिला," तो माझ्याकडे वळला. आणि मी, जी कुठे गप्प बसत नाही, गप्प बसले. काय सांगणार होते? तो म्हणत होता तेही खरं होतं, आणि खिडकीवरचा कागद मीही बघितला होता. हो म्हणून हात मीच वर केला होता.

रविवारी आत्याने मोजे शिवले. दुहेरी चामड्याचे, दोन्ही हातांना पाच-पाच बोटं. सोमवारी तो ते खिशात घालून गेला.

दिवसभर आत्याने एकही तुकडा धड कापला नाही. पाच वाजता म्हणाली, "मी निघते." मीही निघाले. आम्ही स्टॉपवर उभ्या राहिलो. पुलावरून बस येताना दिसली, तेव्हा तिने माझं मनगट धरलं आणि इतकं दाबलं की मी ओरडणार होते. बस थांबली. माणसं उतरायला लागली. ती ओठातल्या ओठात मोजत होती, आणि यावेळी हात नाही, माणसं मोजत होती. अकरा, बारा, तेरा. कंडक्टरने दार ओढायला हात पुढे केला, तेवढ्यात फ्यूज उतरला. धुळीने माखलेला, दमलेला, आणि आम्हाला बघून लाजलेला.

"हे काय? दोघी इथे?"

"हात काढ," आत्या म्हणाली.

"आई, लोक बघतायत."

"काढ हात बाहेर."

त्याने उजवा हात खिशातून काढून तिच्यापुढे धरला. तिने एकेक बोट चिमटीत धरून मोजलं, बाळाची मोजतात तसं. आणि मग सतरा वर्षांत जी बाई माझ्यादेखत रडली नव्हती, ती भर रस्त्यात हमसून हमसून रडायला लागली.

फ्यूज घाबरला. "अगं आई, पाच आहेत! बघ ना, पाचच्या पाच आहेत!"

"आज आहेत," आत्या म्हणाली, आणि त्याचा हात न सोडता घराकडे चालायला लागली.